‘माझ्या फोनवर तर उघडतं!’ : कोणता ब्राउझर चांगला, आणि वेब मानकं छोट्या धंद्याला का हवीत?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ब्राउझरबद्दल बोललो. व्हिडिओ बारा मिनिटांचा, त्यात सगळं बसलं नाही. म्हणून राहिलेलं इथे सविस्तर लिहिते आहे.

प्रशिक्षणात दर वेळी कुणीतरी विचारतंच, "ताई, सगळ्यात चांगला ब्राउझर कोणता?" त्याचं उत्तर खाली देणार आहे. पण त्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगते. ती मला २७,००० रुपयांना पडली.

एका अक्षराची किंमत

गडचिरोलीत माझं स्टेशनरी आणि छपाईचं दुकान आहे. एका बाजूच्या मांडणीवर बांबूच्या वस्तू असतात. पेनस्टँड, फोटोफ्रेम, कार्यक्रमात द्यायची स्मृतिचिन्हं. या वस्तू धानोरा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बनवतात. काही वर्षांपूर्वी मी दुकानाची वेबसाइट करून घेतली. साधा ऑर्डर फॉर्म होता: नाव, पत्ता, किती नग, माल कोणत्या तारखेला हवा, आणि खाली ‘ऑर्डर नोंदवा’ असं बटण. माझ्या अँड्रॉइड फोनवर चाललं. साइट बनवणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर चाललं. मी पैसे दिले आणि विषय संपवला.

पुढे नागपूरच्या एका संस्थेला कार्यक्रमासाठी १५० स्मृतिचिन्हं हवी होती. नग १८० रुपये. तिथल्या मॅडमनी आयफोनवरून फॉर्म भरला, बटण दाबलं. काहीच झालं नाही. चूक झाली असंही दाखवलं नाही, ऑर्डर गेली असंही नाही. तीन वेळा दाबून त्या कंटाळल्या आणि त्यांनी दुसरीकडून माल घेतला. मला हे दीड महिन्याने कळलं, तेही त्यांनी वेगळ्या कामासाठी फोन केला तेव्हा. "तुमच्या साइटवर काही होऊनच नाही राहिलं हो, आम्हाला वाटलं दुकान बंद झालं," त्या म्हणाल्या.

माझा नफा गेला, ते ठीक आहे. पण त्या ऑर्डरमध्ये गटाची मजुरी १२,००० रुपये होती. त्या बायांना मी काय सांगणार होते?

दोष शोधला तेव्हा तो तारखेत निघाला. संगणकासाठी तारीख आणि वेळ लिहिण्याची एक ठरलेली पद्धत आहे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि त्यानंतर वेळ जोडायची असेल तर मधे ‘टी’ हे इंग्रजी अक्षर. आमच्या साइटमध्ये त्या ‘टी’च्या जागी नुसती मोकळी जागा सोडली होती. क्रोमने समजून घेतलं. त्या वेळच्या सफारीने घेतलं नाही, त्याला ती तारीखच वाटली नाही, आणि फॉर्म तिथेच अडकला. दुरुस्तीला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकले. मी कोणता ब्राउझर वापरते याने माझ्या धंद्याला फारसा फरक पडत नाही. ग्राहक कोणता वापरतो याने पडतो, आणि तो मी ठरवू शकत नाही. माझ्या हातात एवढंच आहे की साइट ठरलेल्या मानकाप्रमाणे बनवून घ्यायची.

मानक म्हणजे काय? तेंदूच्या पुड्यावरून समजून घ्या

आपल्याकडे मे महिन्यात तेंदूचा हंगाम असतो. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पानं आणि एका प्रमाण गोणीत १,००० पुडे, हा हिशोब फळीवर सगळ्यांना पाठ आहे. पण कोरचीच्या पुढे छत्तीसगडमध्ये गेलात की तिथला पुडा ५० पानांचा. आता समजा तिकडचा माणूस आणि इकडचा माणूस फोनवर ‘शेकडा पुड्यांचा’ भाव बोलत आहेत. शब्द तोच, पण एकाच्या मनात ७,००० पानं आणि दुसऱ्याच्या मनात ५,०००. दोघंही खरं बोलत आहेत आणि तरी भांडण ठरलेलं.

वेबवरही अगदी हेच होतं. वेबसाइट म्हणजे ब्राउझरला दिलेल्या सूचना. ‘इथे मोठं शीर्षक’, ‘इथे चित्र’, ‘हे बटण दाबलं की असं कर’. या सूचनांचा अर्थ प्रत्येक ब्राउझरने सारखाच लावायचा असेल तर कुणीतरी पुड्यात किती पानं ते आधी ठरवून, लिहून ठेवावं लागतं. ते लिहिलेलं म्हणजे वेब मानक.

हे काम प्रामुख्याने ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम’ ही संस्था करते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ साली ती सुरू केली. पुढे २००४ साली ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांमधल्या लोकांनी आणखी एक गट काढला. एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा लिहिण्याची भाषा, तिचं मानक आज तो गट सांभाळतो. ही मानकं कुणाच्या मालकीची नाहीत, ती कुणीही फुकट वाचू शकतो. गाडीचा नट-बोल्ट कोणत्याही दुकानात मिळतो तो मापं ठरलेली असतात म्हणून. तसंच हे.

आता ब्राउझरची तुलना

बाजारात ब्राउझर पन्नास दिसतील. पण गाडी बघताना जसं आपण इंजिन कुणाचं ते विचारतो, तसं इथेही विचारा. आज मुख्य इंजिनं तीनच आहेत.

१. ब्लिंक. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट, चेन्नईच्या झोहो कंपनीचा ‘उला’, हे सगळे याच इंजिनावर चालतात.
२. वेबकिट. ॲपलच्या सफारीचं इंजिन. ब्लिंक हे यातूनच २०१३ साली वेगळं निघालं, म्हणजे दोघं चुलत भाऊ म्हणा.
३. गेको. फायरफॉक्सचं इंजिन.

आता एकेकाबद्दल, दुकानदाराच्या नजरेतून.

*क्रोम.* गूगलने २००८ साली आणला. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असतो, म्हणून तुमचे जास्तीत जास्त ग्राहक याच्यावरच येणार. वेगवान आहे, पण कमी रॅमच्या जुन्या संगणकावर दहा टॅब उघडले की दम लागतो.

*एज.* विंडोजमध्ये सोबतच येतो. जानेवारी २०२० पासून क्रोमच्याच पायावर आहे, त्यामुळे जे क्रोमवर चालतं ते सहसा इथे चालतं. पीडीएफ उघडायला आणि त्यावर खुणा करायला सोयीचा.

*फायरफॉक्स.* मोझिला या ना-नफा संस्थेचा. पहिली पक्की आवृत्ती नोव्हेंबर २००४ ची. याची बटणं, मेन्यू मराठीत करता येतात. वापरणारे कमी, पण इंजिन वेगळं असल्यामुळे साइट तपासायला फार उपयोगी.

*सफारी.* आयफोन वापरणाऱ्यांचा. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे आयफोनवर कुणी क्रोम किंवा फायरफॉक्स टाकलं तरी आतलं इंजिन वेबकिटच असतं. वरचं कव्हर वेगळं, आतला फोन तोच. मोठी ऑर्डर देणारी शहरातली गिऱ्हाइकं बरेचदा आयफोनवाली असतात. माझ्या नागपूरच्या मॅडम आठवा.

*ऑपेरा मिनी.* जिथे टॉवरची एकच रेष येते तिथे हा कामाचा. डेटा वाचवायच्या मोडमध्ये हा पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर मागवतो, दाबून लहान करतो आणि मग फोनवर पाठवतो. डेटा वाचतो, पण जास्त हलणारी-डुलणारी, क्लिष्ट बटणं त्यात नीट चालत नाहीत.

*सॅमसंग इंटरनेट.* सॅमसंगच्या फोनमध्ये आधीच असतो. तुमच्या अनेक ग्राहकांना आपण क्रोम नाही, हा वापरतो आहोत हे माहीतही नसतं.

*जिओफोन.* २०१७ साली आलेला बटणांचा फोन. त्यातला ब्राउझर फायरफॉक्सच्याच इंजिनाच्या जुन्या आवृत्तीवर बेतलेला होता. स्क्रीन लहान आणि बोट लावायची सोय नाही, फक्त बटणं.

आणि *यूसी ब्राउझर.* एकेकाळी आपल्या भागात जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये हा दिसायचा. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात हाही होता. ज्यांनी आपलं पान फक्त यूसीवर बघून बरोबर केलं होतं, त्यांचा तो आधारच गेला. ज्यांनी मानक पाळलं होतं, त्यांना काहीही करावं लागलं नाही.

मग तुमच्या स्वतःच्या कामाला कोणता? माझं उत्तर: दुकानाच्या संगणकावर वेगवेगळ्या इंजिनांचे दोन ठेवा. क्रोम किंवा एज यांपैकी एक, आणि फायरफॉक्स. एखादा ऑनलाइन फॉर्म एकात अडला तर दुसऱ्यात करून बघा. दोन्ही नेहमी अपडेट ठेवा. आणि ग्राहकांचे फॉर्म भरून देत असाल तर खासगी खिडकीत भरा, म्हणजे त्यांचा पासवर्ड तुमच्या संगणकावर राहत नाही.

एकाच ब्राउझरवर विसंबलं की काय होतं

हा धडा जगाने एकदा महागात शिकला आहे. १९९५ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर आणला. तेव्हा नेटस्केप जोरात होता. दोघांची स्पर्धा लागली आणि दोघंही मानकात नसलेल्या स्वतःच्या सोयी घुसवू लागले. साइटवर पाट्या लागल्या, ‘हे पान अमुक ब्राउझरमध्येच बघा’. शेवटी एक्सप्लोरर जिंकला. २००१ साली त्याची सहावी आवृत्ती आली तेव्हा जवळजवळ सगळं जग तोच वापरत होतं. आणि मग काय झालं? समोर पहिलवानच उरला नाही, तर तालीम कोण करणार? सातवी आवृत्ती यायला २००६ साल उजाडलं.

त्या काळात बनलेल्या कितीतरी कार्यालयीन साइट फक्त एक्सप्लोररवर चालायच्या. डिजिटल सहीसाठी जावाचा जोड लागायचा. क्रोमने २०१५ साली तसे जोड बंद केले, फायरफॉक्सने २०१७ साली. माझ्या ओळखीच्या एका ठेकेदार भाऊंनी फक्त टेंडर भरण्यासाठी एक जुना संगणक जपून ठेवला होता. त्याला अपडेट करायचं नाही, इंटरनेटवर दुसरं काही उघडायचं नाही, मुलांनी हात लावायचा नाही. एका टेंडरच्या शेवटच्या दिवशी नेमका तोच बंद पडला. भाव तयार होता, अनामत तयार होती, फॉर्म मात्र भरता आला नाही.

१५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार काढून घेतला. जुन्या साइटसाठी एजमध्ये एक वेगळा मोड ठेवला आहे, तोही किमान २०२९ पर्यंतच देऊ असं सांगून.

हा जुना इतिहास का सांगते आहे? कारण आज तीच चूक क्रोमच्या नावाने होते आहे. साइट बनवणारा मुलगा क्रोमवर बघतो, आपणही क्रोमवर बघतो आणि म्हणतो, "माझ्या फोनवर तर उघडतं!" क्रोम वाईट आहे असं नाही. पण क्रोम म्हणजे मानक नव्हे.

मराठीची गोष्ट: फॉन्ट आणि युनिकोड

हा भाग व्हिडिओत घाईत झाला, आणि आपल्यासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

छपाईवाल्यांना श्री-लिपी माहीत आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. लग्नपत्रिका, बॅनर, बिलबुकं, आजही बरंच काम त्यात होतं. कृतिदेव, शिवाजी असेही फॉन्ट आहेत. या जुन्या पद्धतीच्या फॉन्टची गंमत अशी की संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे क्रमांकच असतात, फॉन्ट फक्त त्यावर मराठी अक्षराचं चित्र चढवतो. कागदावर छापायला उत्तम. पण तोच मजकूर उचलून वेबसाइटवर टाकला की ग्राहकाला इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण त्याच्या फोनमध्ये तो फॉन्ट नसतो.

इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात मराठी बातम्यांच्या साइटचं हेच दुखणं होतं. प्रत्येकीचा फॉन्ट वेगळा. आधी ‘फॉन्ट डाउनलोड करा’, मग बातमी वाचा. काही ठिकाणी फॉन्ट आपोआप यायचा, पण तो फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. दुसऱ्या ब्राउझरवाल्याला मराठी असून मराठी वाचता येत नव्हतं.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड हे मानक. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक. ‘क’ म्हणजे ‘क’च, फोन कोणताही असो, फॉन्ट कोणताही असो. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला तो युनिकोडवर, म्हणूनच त्याचं पान आज कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडतं आणि शोधलं की सापडतं. गोंडीसाठी तयार झालेल्या दोन लिपींनाही युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे, मसराम गोंडीला २०१७ साली आणि गुंजाला गोंडीला २०१८ साली.

तुमच्या धंद्याशी याचा संबंध असा:

- जुन्या फॉन्टमधलं ‘मोहाचे लाडू’ गूगलला कधीच सापडणार नाही. युनिकोडमधलं सापडेल.
- मजकुराचं चित्र करून टाकलं तरी तीच अडचण. शिवाय ज्यांना दिसत नाही अशा ग्राहकांचा फोन पान मोठ्याने वाचून दाखवतो, त्याला चित्रातलं वाचता येईलच असं नाही. भाव, पत्ता, फोन नंबर नेहमी मजकूर म्हणून लिहा.
- पानाच्या सुरुवातीला ‘या पानाची भाषा मराठी’ अशी खूण घालण्याची मानकात सोय आहे. ती घातली की वाचून दाखवणाऱ्या ॲपला कोणत्या भाषेत वाचायचं ते कळतं, आणि काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे दिसतात, हिंदीच्या वळणाचे नाही.
- ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र आलं. खूप जुन्या फोनवर त्या जागी चौकोन दिसू शकतो. शिवाय ते दोन पद्धतीने टाइप करता येतं, दिसायला सारखं पण संगणकाला वेगळं. पूर्ण साइटवर एकच पद्धत ठेवा, नाहीतर तुमच्याच साइटवर शोधताना तुमचीच वस्तू सापडणार नाही.

साइट बनवून घेताना विचारायचे सहा प्रश्न

बांधकाम करून घेताना आपण मिस्त्रीला सिमेंट किती, गज किती विचारतो. तसंच इथे विचारा. तांत्रिक ज्ञान लागत नाही. पैसे पूर्ण देण्याआधी विचारा.

१. साइट क्रोम, सफारी आणि फायरफॉक्स या तिन्हींवर तपासली का? नुसतं "हो" चालणार नाही, समोर उघडून दाखवायला सांगा.
२. मानक तपासणीत किती चुका निघाल्या? वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमचं तपासणीचं साधन फुकट आहे. पत्ता टाकला की चुकांची यादी येते. सगळ्या चुका गंभीर नसतात, पण यादी बघून त्याने तुम्हाला समजावून सांगितलं पाहिजे.
३. मजकूर युनिकोडमध्ये आहे का? तुम्हीच तपासा: साइटवरचं एक वाक्य उचला आणि व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठीच दिसलं तर ठीक.
४. फॉर्म अडला तर ग्राहकाला मराठीत कारण दिसतं का? माझ्या फॉर्मला हेच जमलं नव्हतं.
५. नेट हळू असताना काय होतं? चित्रं यायच्या आधी निदान नाव, भाव आणि फोन नंबर दिसला पाहिजे.
६. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवरून दुवा दाबला तर? तिथे पान त्या ॲपच्या आतच उघडतं. फाइल जोडणं, नवी खिडकी उघडणं अशा गोष्टी तिथे कधी कधी अडतात. एक पूर्ण ऑर्डर तिथून करून बघा.

आणि एक सातवी गोष्ट, ती मी स्वतः करते. प्रत्येक पानावर फोन नंबर ठळक लिहिलेला असतो, बोट लावलं की थेट कॉल लागतो. सगळं फसलं तरी ग्राहक परत जाऊ नये.

"पण ताई, माझी तर वेबसाइटच नाही"

बरोबर आहे, अनेकांची नाही. तुम्ही तयार ऑनलाइन दुकानाचं पान वापरत असाल, तरी हेच लागू आहे. विकत घेण्याआधी त्यांचं नमुन्याचं पान तीन फोनवर उघडून बघा. कॅटलॉगची पीडीएफ पाठवत असाल तर ती दुसऱ्याच्या फोनवर मराठी नीट दाखवते का बघा. ऑर्डरसाठी ऑनलाइन फॉर्म करत असाल तर तो स्वतः भरून बघा, आणि एखाद्या आजींच्या फोनवरूनही भरून बघा.

हे सगळं करायला खर्च जवळजवळ नाही. आमच्या दुकानात आता एक नियम आहे. साइटवर काहीही बदललं की त्या दिवशी येणाऱ्या पहिल्या तीन ओळखीच्या ग्राहकांना विनंती करायची, "जरा तुमच्या फोनवर हे उघडून दाखवता का?" कुणाचा सॅमसंग, कुणाचा आयफोन, कुणाचा पाच वर्षांपूर्वीचा काच फुटलेला फोन. पाच मिनिटांत सगळं कळतं. चहा मी पाजते.

नागपूरच्या त्या मॅडमनी पुढच्या वर्षी पुन्हा ऑर्डर दिली, या वेळी साइटवरूनच. आकडा छोटा होता, ६० नग. पण धानोऱ्याला गटाच्या ताईंना फोन करून सांगताना मला जे वाटलं, ते १५० ला वाटलं असतं तेवढंच होतं.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमची साइट, कॅटलॉग किंवा फॉर्म, जे असेल ते, तीन वेगवेगळ्या फोनवर उघडा. त्यातला एक आयफोन असू द्या, एक जुना अँड्रॉइड. शेवटपर्यंत एक खोटी ऑर्डर भरा. कुठे अडलं ते वहीत लिहा. पुढच्या व्हिडिओत आपण ती यादी घेऊन बसू, आणि साइट बनवणाऱ्याशी न भांडता ती दुरुस्त कशी करून घ्यायची ते बघू.

भेटूया. धंद्याला शुभेच्छा!